सात हात खाली

किसननाना कुठंही बसायच्या आधी जमीन वाजवून बघतात. उजव्या हाताची मधली दोन बोटं वाकवायची, टक टक टक, मान जरा तिरकी, डोळे बारीक, आणि मनासारखा आवाज आला तरच टेकायचं. देवळात वाजवतात, दवाखान्यात वाजवतात, मयताला गेले तरी वाजवतात. नेवाशाच्या एका बँकेत ते एकदा भिंतीकडेची फरशी वाजवत बसले, तर वॉचमनने त्यांना उठवून तासभर बाहेरच्या ओट्यावर बसवून ठेवलं. नानांनी ओटाही वाजवला. "कोबा बरा हाय," त्यांनी वॉचमनला सांगितलं, "पर खालचा भराव दाबलेला न्हाई. दोन पावसाळ्यात बसंल." दोन पावसाळ्यांनी ओटा खरोखर खचला. तेव्हापासून वॉचमन नानांना लांबूनच रामराम घालतो.

एका लग्नात मात्र फजिती झाली. पंगत बसलेली, वाढप्यांची धावपळ चाललेली, आणि नाना कार्यालयाची फरशी वाजवून शांतपणे म्हणाले, "हितं खाली पोकळ हाय." अख्खी ओळ आपापली ताटं उचलून पलीकडे गेली. नवरदेवाचा मामा तेवढा हलला नाही. त्याला काहीही झालं नाही. या गोष्टीला बरीच वर्षं झाली, पण विषय निघाला की नाना म्हणतात, "अजून येळ गेलेली न्हाई."

मी त्यांच्या घरी भाड्याने राहिलो, म्हणून हे सगळं मला माहीत.

मी गोंदियाकडचा, देवरीच्याही पुढे जंगलाच्या कडेला आमचं गाव. आठवीत शाळा सुटली. हेडमास्तर म्हणाले, उद्यापासून येऊ नको, मी म्हटलं, हो जी. तेव्हापासून जो जे सांगेल त्याला मी हो जीच म्हणत आलो. आधी ट्रॅक्टर, मग जेसीबी. ठेकेदार पाठवेल तिकडे मशीन घेऊन जायचं. स्वभाव घाबरट. मशीन बंद करून उतरलो तरी हँडब्रेक लावला का ते बघायला तीनदा परत चढतो. असा मी, बायको-मुलीला गावी ठेवून, सगळा महाराष्ट्र आडवा ओलांडून नगर जिल्ह्यात प्रवरेच्या काठी आलो, तेव्हा मला खोली नानांनी दिली.

पहिल्याच दिवशी मी विचारलं, "नाना, दाराला आतून कडी नाही जी?"

"न्हाई," नाना म्हणाले. "तिकडं शिंगनापूरला तर दारंच न्हाईत. आन एवढं मोहेंजोदडो खनलं, त्यात कुलूप सापडल्याचं मी तरी ऐकलं न्हाई. तू काय आनलंय असं?"

मी दोन जोडी कपडे आणले होते. पहिले आठ दिवस मी ते उशाखाली घेऊन झोपलो.

नानांचं हे वेड कुठून आलं ते सांगतो. गावाच्या पूर्वेला एक टेकाड आहे. त्याला इथे पांढर म्हणतात. फार जुन्या वस्तीची जागा, माती राखेसारखी मऊ आणि पांढुरकी. तीन हजार वर्षांच्याही आधी तिथे माणसं राहत होती, जव पिकवत होती, लाल भांड्यांवर काळ्या रेघा काढत होती. नाना विशीत असताना शहरातून पुरातत्त्वाचे साहेब आले आणि त्यांनी पांढरीवर एक हिवाळाभर उत्खनन केलं. नाना तिथे मजूर. दुसरीपर्यंत शिकलेले. पण कुदळ हलकी कशी मारायची, खुरपीने माती कशी सोलायची, ब्रशने कशी झाडायची, एकावर एक साचलेले मातीचे थर रंगावरून आणि आवाजावरून कसे ओळखायचे, हे सगळं त्यांनी त्या चार महिन्यांत उचललं. शेवटच्या संध्याकाळी त्यांच्या कुदळीखाली आवाज बदलला.

"ठक्क न्हाई," नाना सांगतात, "ठप्प न्हाई. टुम्म. सारवलेली जमीन तशी वाजती. कुनाचं तरी घर हुतं खाली."

त्यांनी साहेबांना सांगितलं. साहेब भले होते, पण सकाळी तंबू उठायचे होते. ते म्हणाले, पुढच्या वर्षी आल्यावर पहिलं हेच घेऊ. खड्ड्यात गोणपाट अंथरलं आणि वरून माती लोटून तो बुजवला. नानांनी त्याआधी सुतळी सोडून खोली मोजून घेतली होती. सात हात, सात गाठी. पुढच्या वर्षी कोणी आलं नाही. त्याच्या पुढच्याही नाही. ती सुतळी चहाच्या पत्र्याच्या डब्यात चाळीस वर्षं पडून होती.

गावाने त्यांचं नाव थरनाना ठेवलं. सरपंच संपतराव भेटले की विचारायचे, "काय नाना, म्हाल कवा दावताय?"

"म्हाल न्हाई, घर हाय," नाना तितक्याच गंभीरपणे सांगायचे. "म्हालाची जमीन येगळी वाजती."

ही चाळीस वर्षं नाना नुसते बसले नाहीत. जे जे खणायची वेळ आली ते त्यांनी साहेबांच्या पद्धतीनेच खणलं. घरामागचा शौचखड्डा खुरपीने आणि ब्रशने खणायला त्यांना पाच महिने लागले. तपासणीला आलेल्या माणसाला त्यांनी सांगितलं, "आता कुठं तिसऱ्या थरावर हाय. घाई केली तर मधलं काय तरी जाईल." त्या खड्ड्यात एक गोटी, एक घोड्याचा नाल आणि 'मामाकडून सप्रेम भेट' असं कोरलेला स्टीलचा पेला निघाला. कोणाचा मामा ते शोधायला नाना तीन गावं हिंडले.

संध्याकाळी ओसरीवर मोबाईल लोट्याला टेकवून ते जगभरच्या उत्खननांचे व्हिडिओ बघायचे आणि मला समजावून सांगायचे. मला मिसर देश कळला तो नानांकडून. चीनमधली मातीची फौज, राखेत गाडलेल्या इटलीतल्या गावात सापडलेला करपलेला पाव, पेरूमधलं डोंगरमाथ्यावरचं शहर, सगळं नानांकडून. पण त्यांचा प्रश्न प्रत्येक वेळी एकच. "आरं, पर पयली कुदळ कुनाची?"

त्यासाठी त्यांनी एक वही केली होती. डावीकडे जागा, उजवीकडे 'पयली कुदळ'. चीनपुढे लिहिलं होतं, विहीर खणणारे शेतकरी. मिसरातल्या पोरसवदा राजाच्या थडग्यापुढे, पहिली पायरी पाणक्या पोराला दिसली असं म्हणतात. बाकी पानंच्या पानं, 'नाव म्हाईत न्हाई'. वहीत शेवटची ओळ आमच्या गावाच्या पांढरीची होती. तिच्यापुढची जागा कोरी.

"तुमचं नाव लिहा ना जी," मी एकदा म्हटलं.

"जमीन दिसल्याबिगर कसं लिवायचं? मग माझ्यात आन बाता मारनाऱ्यात फरक काय?"

मी मशीनवाला असल्याचं नानांना आधी फार वाईट वाटलं होतं. "एका बकेटीत पाचशे वर्सं उचलतोस तू," असं ते जेवताना म्हणायचे. मग त्यांनी माझी शिकवणी सुरू केली. अंगणात पाच जागा केल्या. भराव, मुरूम, राख, चिखल आणि सारवलेली जमीन. मला डोळे मिटून बसवायचे, खुरपी आपटायचे आणि विचारायचे, कोणती? शाळेत मी एकाही परीक्षेत धड पास झालो नव्हतो. इथे पाचव्या खेपेला पाचही बरोबर आले. नानांनी ओंजळभर भाजलेल्या शेंगा दिल्या आणि म्हणाले, "कान हाय तुला. हात जड हाय. हात हलका ठेव."

मी भातखाऊ माणूस. बाजरीची भाकरी मला पहिले दिवस उतरायची नाही. मी काही बोललो नव्हतो, पण एक दिवस घरात अकोले तालुक्यातल्या तांदळाची पिशवी आली. डोंगरातल्या जीपवाल्याकरवी नानांनी मागवली होती. "तीन हजार वर्सं मानूस सवयीचंच खात आलाय," एवढंच म्हणाले. त्या दिवशी भात खाताना मला घर आठवलं.

मग गावात बातमी आली. पाण्याची नवी टाकी होणार, तिचा पाया पांढरीच्या कडेला, नेमका नानांच्या जुन्या खड्ड्यावर. आणि खोदाईचं काम माझ्याच ठेकेदाराकडे. म्हणजे माझ्याच हाताने.

नाना त्या दिवशी जेवले नाहीत. मला वाटलं, मला खोलीबाहेर काढतील. त्याऐवजी त्यांनी विचारलं, "तू आठवी शिकलायस ना? अर्ज लिव." पुरातत्त्वाकडे नानांनी आजवर पाठवलेली पत्रं त्यांनी स्वतःच लिहिली होती, आणि ती त्यांनाही वाचता यायची नाहीत. मी लिहायला बसलो. अकरा कागद फाडले, बाराव्यावर जमलं. पांढरीवरच्या खापरांचे फोटो जोडले. आणि पुरातत्त्वाच्या एक मॅडम दहाव्या दिवशी दारात हजर झाल्या.

मॅडमनी टेकाडाची कड बघितली, खापरं बघितली, सुतळी बघितली. मग सरपंच, ठेकेदार आणि त्या बोलत उभ्या राहिल्या. ठरलं ते असं. खोदाईचा एक दिवस नानांचा. जुन्या खड्ड्यात भरलेली माती मशीनने काढायची, त्याखाली हाताने. संध्याकाळपर्यंत जमीन दिसली तर टाकी दुसरीकडे. नाही दिसली तर उद्यापासून पाया.

"चाळीस वर्सं थांबलाय नाना," संपतराव म्हणाले, "आता दिवस मावळंपर्यंत बघू."

सकाळी सगळं गाव पांढरीवर. नानांनी धुतलेलं धोतर आणि टोपी घातलेली. खड्ड्याची जागा त्यांनी न मोजता दाखवली, आणि मॅडमनी कडेची माती खरवडली तर जुन्या खड्ड्याची रेघ बरोबर तिथेच निघाली. मग सुतळी काठीला बांधून खाली सोडली. नाना माझ्यासमोर उभे राहिले, बँडवाल्यांच्या पुढे मास्तर उभा असतो तसा हात वर करून. मी बकेट टेकवली.

बोटभर. परत बोटभर. ठेकेदार मागून ओरडला, "आरं जेसीबी हाय का चमचा?" मी हो जी म्हटलं आणि परत बोटभरच काढली. पहिली गाठ गेली. दुसरी गेली. दुपार व्हायला आली. लोक कंटाळून तंबाखू मळायला लागले.

तिसऱ्या गाठीपाशी बकेटचा दात खरवडला आणि आवाज दांड्यातून माझ्या तळहातात आला. ठक्क नाही. ठप्प नाही.

मी मशीन थांबवलं.

"का थांबला रं?" नाना म्हणाले.

"नाना, आवाज बदलला जी."

"तीनच गाठी झाल्यात. अजून चार हात भराव हाय. चल, दिवस चाललाय."

"बदलला जी."

"भोजा, मी मोजलंय. ह्या हातांनी. सात हात. मशीन चालू कर."

ठेकेदार हात हलवत होता. सरपंच घड्याळ बघत होते. आणि सगळ्यात मोठी गोष्ट म्हणजे नाना स्वतः, ज्यांचं सगळं त्या खड्ड्यात होतं, तेच मला पुढे जा म्हणत होते. मी चूक असेन तर त्यांचा दिवस वाया जाणार होता. मी बरोबर असेन आणि त्यांचं ऐकलं, तर ते घर एका बकेटीत संपलं असतं. मी चावी फिरवून काढली आणि खिशात टाकली.

"नाही जी," मी म्हटलं.

आयुष्यात पहिल्यांदा. माझाच आवाज मला ओळखू आला नाही.

"मोजणी तुमची आहे," मी म्हटलं, "पण कान पण तुमचाच दिलेला आहे. एकदा वाजवून बघा, मग तुम्ही म्हणाल ते मी करतो."

"आडमुठं बेनं," असं म्हणत नाना शिडीवरून खाली उतरले. उकिडवे बसले. हाताने माती बाजूला केली, तर कुजलेल्या गोणपाटाचे धागे वर आले. नाना त्या धाग्यांकडे बघत राहिले. मग ते बाजूला सारले आणि बोटं वाकवली. टक टक टक. मान तिरकी. सरकून दुसरीकडे वाजवलं, मग तिसरीकडे. मग टोपी काढली आणि कान जमिनीला लावला.

"टुम्म," नाना हळूच म्हणाले.

मॅडम उतरल्या, त्यांनी खुरपी टेकवली, नानांकडे बघितलं आणि मान हलवली.

"पर सात हात हुतं," नाना म्हणाले. ते सुतळीकडे बघत होते, खोटं बोलताना पकडलेल्या माणसाकडे बघावं तसे. "सात मोजलं हुतं मी."

तेव्हा वरून एक म्हातारी म्हणाली, "आवं नाना, चाळीस वर्सं झाली, सारं गाव हितली माती शेतात न्हेतंय. वरचं चार हात तर आमच्या वांग्यांनी खाल्लं."

ही रीत इथली जुनीच. पांढरीची माती पिकाला चांगली, म्हणून बैलगाड्या, मग ट्रॅक्टर भरभरून लोक ती नेतात. त्या मातीपायी नानांनी अख्ख्या गावाला आयुष्यभर शिव्या दिल्या होत्या. आणि मोजताना नेमकी तीच धरायची राहिली होती. टेकाड वरून चार हात उतरलं होतं, आणि नानांची जमीन वर आली होती.

नानांनी टोपी परत डोक्यावर ठेवली. मग म्हणाले, "मी बी न्हेलीय दोन गाड्या. लसनाला."

गाव असं हसलं की नदीपलीकडे ऐकू गेलं असेल. नानाही हसले. मी त्यांना मोठ्याने हसताना तोवर बघितलं नव्हतं.

मग मात्र नाना कोणाचे नव्हते. खुरपी, ब्रश आणि ते. चार वाजेपर्यंत चटईएवढी जमीन उघडी झाली. चोपून सारवलेली, गुळगुळीत, तीन हजार वर्षं कोणी तिच्यावर पाय ठेवला नव्हता. एका अंगाला चुलीची गोल कड, आत अजून राख. चुलीशेजारी एक लाल भांडं आडवं पडलेलं, गळा फुटलेला, पण तोटी शाबूत, आणि पोटावर काळ्या रेघा, कालच काढल्यासारख्या.

सरपंच बघायला खाली उतरू लागले, तर नानांनी हात वर केला. "संपत, चपला काढ. कुनाचं तरी घर हाय."

संपतरावांनी चपला काढल्या. त्यांच्यामागे ठेकेदाराने बूट काढले. संध्याकाळी तो खड्डा बघायला जी रांग लागली तिच्या तोंडाशी चपलांचा ढीग पडला होता, देवळाबाहेर पडतो तसा. टाकी ओढ्यापलीकडे हलवायची, हे सरपंचांनी अनवाणीच जाहीर केलं. वर म्हणाले, "थरनाना, म्हाल आवडला."

"घर हाय," नाना म्हणाले.

मॅडम नोंद लिहायला लागल्या, तेव्हा नाना पुढे सरकले. "पयली कुदळ लिवा. भोजराज. गोंदियाचा."

"कुदळ कुठं, बकेट व्हती ती," कोणीतरी म्हणालं.

"बकेट तर बकेट. जगात पयलाच असंल."

मॅडमनी माझं नाव लिहिलं. माझं नाव मी आजवर हजेरीच्या कागदावर बघितलं होतं आणि शाळा सोडल्याच्या दाखल्यावर. घरी आल्यावर मी नानांची वही काढली आणि शेवटच्या ओळीपुढे त्यांना न विचारता लिहिलं, 'आवाज ऐकणारा : किसन, वय वीस'. त्यांनी ते चष्मा लावून दोनदा वाचलं आणि वही उशाखाली ठेवली.

ओढ्यापलीकडच्या टाकीची खोदाई संपली आणि ठेकेदाराने मला राहात्याला जायला सांगितलं. मी सामान बांधत होतो. माझा तुटका कंगवा सापडत नव्हता. नाना म्हणाले, "तो माझ्याकडं हाय," आणि त्यांनी कोनाड्यातून कापडी पिशव्यांची चळत खाली काढली.

सगळ्यात वरच्या पिशवीवर चिठ्ठी टाचलेली होती. 'थर १. भोजा.' आत माझा कंगवा. मी आलो त्या दिवसाचं एसटीचं तिकीट. तांदळाच्या पिशवीची फाडलेली पट्टी. ग्रीस पुसून फेकलेला रुमाल, धुऊन घडी घातलेला. आणि अर्जाचे अकरा फाडलेले कागद, डिंकाने जोडलेले.

त्याखाली थर दोन, माझ्याआधी इथे राहिलेल्या नर्सबाईंचा. केसांची पिन, शाई संपलेलं पेन. थर तीन, दूध डेअरीवर कामाला असलेला कोणी एक. प्रत्येक चिठ्ठीवर जुना आकडा खोडून पुढचा लिहिलेला. नवं माणूस आलं की सगळे एकेक थर खाली जातात. तळाशी थर सहा, त्यात हिरव्या बांगडीचा तुकडा आणि चष्म्याची एक काडी. नानी, नानांची वारलेली बायको. त्याच्यावर थर पाच, सुरतेला गेलेला मुलगा, त्याच्या शाळेच्या पट्ट्याचं बक्कल.

मधली थर चारची पिशवी मी उघडली. उलटी केली. काही पडलं नाही.

"ही रिकामी आहे जी."

"व्हय," नाना म्हणाले. "ओसाड थर हाय तो. वस्ती उठली की मदी असा थर लागतो. काय सापडत न्हाई त्यात. साहेब म्हनायचे, त्याची बी नोंद पायजे, न्हाईतर खालच्या आन वरच्या मानसांत अंतर किती पडलं ते कसं कळायचं?"

"किती पडलं?"

"नऊ वर्सं." त्यांनी ती पिशवी घडी करून परत जागेवर ठेवली. मग माझी हातात घेतली, तिची नाडी बोटाला गुंडाळली, आणि माझ्याकडे न बघता विचारलं, "मग तुजा थर बंद करू का? गाठ मारायची तर तारीख लिवावी लागती."

राहाता इथून मोटारसायकलवर दोन तास. मी हिशेब केला. घाबरट माणूस आहे, रस्ता, ट्रक, धुकं सगळं डोळ्यांपुढे आलं.

"चालू ठेवा जी," मी म्हटलं. "रविवारी येतो. दर रविवारी."

नानांनी पिशवी खुंटीला लावली, तोंड उघडं ठेवून. मग ओसरीवर जाऊन बसले आणि आपल्या शेजारची जागा बोटांनी वाजवली. टक टक टक. मान तिरकी करून ऐकलं.

"बस," ते म्हणाले. "भात टाकलाय."